हरलेल्या साम्राज्याचा सिलेखाना

व्हिएन्नाच्या तिसऱ्या प्रभागात, मुख्य रेल्वे स्थानकापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, आर्सेनाल नावाचा विटांनी बांधलेला विस्तीर्ण लष्करी परिसर आहे. त्यातील सर्वांत देखण्या इमारतीत ऑस्ट्रियाचे राष्ट्रीय सैन्येतिहास संग्रहालय, म्हणजे ‘हेरेसगेशिख्टलिखेस म्युझियम’, आहे. १८५६ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू मुळातच संग्रहालयासाठी बांधलेली, ऑस्ट्रियातील सर्वांत जुनी इमारत मानली जाते. ज्या सैन्यासाठी ती उभी राहिली ते सैन्य १९१८ मध्ये विसर्जित झाले. ज्या घराण्याने तिच्यावर पैसा ओतला ते त्याच वर्षी गादीवरून उतरले, आणि ज्या साम्राज्याच्या विजयांची चित्रे तिच्या घुमटाखाली रंगवली आहेत त्याचा मुलूख आज डझनभर देशांत वाटला गेला आहे. सध्या या संग्रहालयाचे मालक एक छोटे, तटस्थ प्रजासत्ताक आहे. जुन्या मालकाच्या वस्तूंचे नेमके काय करावे, हा प्रश्न त्या प्रजासत्ताकाला अजून पुरता सुटलेला नाही.

आर्सेनालची पायाभरणी भीतीतून झाली. १८४८ च्या मार्चमध्ये युरोपभर उसळलेल्या क्रांतीची लाट व्हिएन्नात आली आणि मेटर्निखसारख्या मुरब्बी मंत्र्याला देश सोडून पळावे लागले. तरी उन्हाळाभर दरबार आणि शहर यांच्यात काही ना काही तडजोड चालू राहिली. ती ऑक्टोबरमध्ये मोडली. हंगेरीतील बंड चिरडण्यासाठी व्हिएन्नातील पलटणींना कूच करण्याचा हुकूम झाला, तेव्हा ग्रेनेडियर शिपायांच्या एका तुकडीने जायला नकार दिला. विद्यार्थी आणि कामगार तिच्या बाजूने उतरले. ६ ऑक्टोबरला संतापलेल्या जमावाने युद्धमंत्री लाटूर याला ठार मारून ‘आम होफ’ या चौकातील दिव्याच्या खांबाला टांगले. त्याच रात्री रेनगासे या रस्त्यावरील बादशाही सिलेखान्याला वेढा पडला आणि दुसऱ्या दिवशी तो लोकांच्या हाती आला. आतल्या बंदुका वाटल्या गेल्या, त्यांच्याबरोबर जतन करून ठेवलेली जुनी ऐतिहासिक हत्यारेही गेली. महिनाअखेरीस विंडिशग्रेट्झ आणि येलाचिच या सेनापतींनी तोफा डागून शहर परत घेतले. डिसेंबरमध्ये अठरा वर्षांचा फ्रान्झ योझेफ गादीवर आला.

नव्या बादशहाच्या सल्लागारांनी यातून सरळ धडा घेतला. शस्त्रे शहराच्या मधोमध, गल्लीबोळांत ठेवायची नाहीत. ती बाहेर, उंचावर, तटाच्या आड ठेवायची आणि तिथून शहरावर नजरही ठेवायची. १८४९ मध्ये आर्सेनालचे काम सुरू झाले. ६८८ मीटर लांब आणि ४८० मीटर रुंद अशा चौकोनात, कोपऱ्यांवर आणि बाजूंच्या मध्यावर बराकी, आत तोफा ओतण्याचा कारखाना, बंदुकांचा कारखाना, कार्यशाळा, कोठारे आणि सैनिकांसाठी चर्च अशी ३१ बांधकामे सात वर्षांत उभी राहिली. विटा लागल्या सुमारे १७ कोटी ७० लाख. ही जागा निवडण्यामागे चढावाइतकाच रेल्वेचाही विचार होता. दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांची स्थानके शेजारीच होती. फौज चटकन आणता यावी आणि स्थानके दंगलखोरांच्या हाती पडू नयेत, असा दुहेरी हेतू होता. पुढे १८५७ च्या डिसेंबरात व्हिएन्नाचा जुना तट पाडण्याचा हुकूम निघाला आणि त्या जागी प्रसिद्ध रिंगश्ट्रासे हा वळसेदार राजमार्ग झाला. बाहेरच्या शत्रूसाठीचा तट गेला, पण आपल्याच प्रजेसाठी बांधलेला किल्ला राहिला.

या किल्ल्यात संग्रहालय कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. लुटीतून वाचलेली हत्यारे कुठेतरी ठेवायला हवी होती, हे एक कारण. दुसरे कारण अधिक वजनदार होते. १८४८-४९ च्या वादळात साम्राज्य एकत्र राहिले ते सैन्यामुळे. जर्मन, हंगेरियन, चेक, पोल, क्रोएट, इटालियन, रुमानियन अशा भिन्न भाषा बोलणाऱ्या प्रजेत समान धागा असा एकच होता, बादशहाशी इमान राखणारी फौज. त्या फौजेचे मंदिर बांधावे, अशी ही कल्पना होती. म्हणूनच आर्सेनालमधल्या इतर इमारतींना साधा लष्करी बाज आहे आणि संग्रहालयाला मात्र राजवाड्याचा थाट आहे.

लुडविग फोर्स्टर आणि त्याचा जावई थेओफिल हान्सेन यांच्याकडे हे काम आले, पण आज ही इमारत हान्सेनची म्हणूनच ओळखली जाते. हान्सेन कोपनहेगनचा. अथेन्समध्ये अनेक वर्षे राहून त्याने ग्रीक आणि बायझंटाइन वास्तूंचा अभ्यास केला होता. पुढे व्हिएन्नाचे संगीतभवन आणि संसदभवन त्याने ग्रीक धाटणीत बांधले. आर्सेनालमध्ये मात्र त्याने हात मोकळा सोडला. २३५ मीटर लांबीच्या या इमारतीत बायझंटाइन घुमट आहे, मूरिश कमानी आहेत, गॉथिक खिडक्या आहेत आणि माथ्यावर किल्ल्यासारखे कंगोरे आहेत. व्हेनिसच्या जुन्या नौदल आर्सेनालची आठवण करून देणारे तपशीलही आहेत. लाल आणि फिकट विटांचे पट्टे, भाजलेल्या मातीचे नक्षीकाम आणि मधोमध ४३ मीटर उंचीचा चौकोनी बुरूज. एवढ्या शैली एकत्र कोंबल्यावर खरे तर गोंधळ व्हायला हवा होता, तो झालेला नाही, यात हान्सेनचे कसब दिसते. दर्शनी भागावर हान्स गासर या शिल्पकाराने घडवलेल्या मूर्ती आहेत. शौर्य, निशाणाशी निष्ठा, त्याग, सावधपणा अशा सैनिकी गुणांची ती मूर्तरूपे आहेत.

दारातून आत गेल्यावर पहिले दालन लागते ते सेनापतींचे. नक्षीदार कमानींच्या छताखाली खांबांभोवती संगमरवरी पुतळे उभे आहेत, एकूण ५६, सगळे पुरुषभर उंचीचे, इटलीतील कारारा येथील पांढऱ्या दगडात कोरलेले. २८ फेब्रुवारी १८६३ रोजी फ्रान्झ योझेफने, ज्यांचे सदैव अनुकरण व्हावे अशा सेनापतींची यादी मंजूर केली आणि त्यानुसार हे पुतळे घडले. निम्मा खर्च बादशहाने स्वतः सोसला, उरलेला सरदार-उमरावांनी उचलला. प्रत्येक पुतळ्याच्या फलकावर सेनापतीचे नाव आणि कार्यकाळ तर आहेच, पण शिल्पकाराचे आणि पैसे देणाऱ्याचेही नाव आहे. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर दात्याचे नाव कोरतात त्यातलाच हा प्रकार.

या ५६ जणांत आल्ब्रेख्ट वॉलेन्श्टाइन आहे, ही गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८ ते १६४८) त्याने हाब्सबुर्ग या बादशाही घराण्यासाठी प्रचंड फौज उभी केली. पुढे फितुरीच्या संशयावरून त्याच घराण्याच्या संमतीने १६३४ मध्ये त्याची हत्या झाली. सव्वादोनशे वर्षांनी त्याला अनुकरणीय ठरवताना दरबाराला अडचण वाटली नाही. जिना चढताना दिसणारे चार पुतळे मात्र अधिक बोलके आहेत: राडेट्स्की, विंडिशग्रेट्झ, येलाचिच आणि हायनाऊ. चौघांचीही मुख्य कामगिरी १८४८-४९ मधील. एकाने उत्तर इटली राखली, दोघांनी व्हिएन्ना जिंकले, चौथ्याने हंगेरीत इतकी कठोर शिक्षासत्रे चालवली की युरोपभर त्याचे नाव बदनाम झाले. संग्रहालयाच्या सर्वांत मानाच्या जागी परक्या शत्रूंना हरवणारे वीर नसून स्वतःच्याच प्रजेचे बंड मोडणारे सेनापती आहेत. इमारत कशासाठी बांधली, याचे उत्तर या जिन्याइतके स्पष्ट कुठेही मिळत नाही.

जिन्यावरून वर गेले की घुमटाखालचे कीर्तिदालन येते. त्याची चित्रे काढण्याचे काम आधी कार्ल राल या चित्रकाराकडे जायचे होते. रालची कल्पना रूपकात्मक होती. लष्कराला मात्र खऱ्याखुऱ्या लढाया हव्या होत्या. अखेर राल जिन्याच्या छतापुरता उरला आणि कीर्तिदालन टिरोलच्या कार्ल फॉन ब्लास याच्या हाती गेले. बाबेनबर्ग या मध्ययुगीन घराण्यापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे प्रसंग रंगवताना ब्लासला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. ते काम चालू असतानाच, १८५९ मध्ये सोल्फेरिनोला आणि १८६६ मध्ये क्योनिगग्रेट्झला, ऑस्ट्रिया दोन निर्णायक लढाया हरली. पहिलीने इटलीतील लोंबार्डी गेली, दुसरीने जर्मनीतील पुढारपण गेले. मचाणावर उभ्या असलेल्या चित्रकाराच्या खालून विजयाची कारणेच निघून जात होती, आणि भिंती मात्र विजयांनी भरत होत्या. तंत्राच्या दृष्टीने ब्लासचे काम मोठे आहे. तरीही आज ते पाहताना युद्धापेक्षा नाट्यगृहाचीच आठवण अधिक होते.

इमारत तयार होती, पण आत काय ठेवायचे ते पक्के नव्हते. सुरुवातीला तिच्यात बादशाही घराण्याचा शस्त्रसंग्रह होता आणि १८६९ मध्ये तो लोकांना खुला झाला. त्यात जिरेटोप, चिलखते आणि नक्षीदार तलवारी होत्या, म्हणजे सैन्यापेक्षा दरबाराचेच वैभव अधिक होते. १८८० च्या दशकात तो संग्रह रिंगश्ट्रासेवरच्या नव्या कलासंग्रहालयात हलवायचे ठरले आणि आर्सेनालची दालने रिकामी होण्याची वेळ आली. तेव्हा खऱ्या अर्थाने सैन्याचे संग्रहालय करण्यासाठी १८८५ मध्ये एक मंडळ नेमले गेले. युवराज रुडॉल्फ त्याचा आश्रयदाता होता. फौजेतील पलटणी, जुनी सरदार घराणी, मठ आणि शहरे यांच्याकडून वस्तू मागवण्यात आल्या. संग्रह जमत असतानाच १८८९ मध्ये मायरलिंग येथे रुडॉल्फने आत्महत्या केली. २५ मे १८९१ रोजी फ्रान्झ योझेफने सैन्यसंग्रहालयाचे उद्घाटन केले. तोवर त्याच्या कारकिर्दीला बेचाळीस वर्षे झाली होती.

आजही संग्रहाचा कणा त्याच काळातला आहे. वरच्या मजल्यावर सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा काळ येतो, खालच्या मजल्यावर त्यानंतरचा. तीस वर्षांच्या युद्धाच्या दालनात फ्लेमिश चित्रकार पीटर स्नायर्सने सेनापती पिकोलोमिनीसाठी काढलेली बारा भव्य युद्धचित्रे आहेत. उंच टेकडीवरून पाहावे तशी फौजांची मांडणी त्यांत दिसते: कुठे पायदळाचे चौकोन, कुठे घोडदळाच्या रांगा, पुढे बैलगाड्या आणि लुटीच्या मागे लागलेले शिपाई. ब्लासच्या चित्रांतल्या वीरांपेक्षा ही चित्रे युद्धाबद्दल कितीतरी अधिक सांगतात.

पण त्या दालनातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे एक कागद. १५ नोव्हेंबर १६३२ रोजी ल्युत्सेन येथे स्वीडनचा राजा गुस्ताव आडॉल्फ चाल करून येत असल्याची खबर वॉलेन्श्टाइनला लागली. त्याचा घोडदळाचा सरदार पापेनहाइम तेव्हा फौज घेऊन हाले शहराकडे गेलेला होता. असेल ते टाकून सगळ्या शिबंदी-तोफांनिशी परत या, असा तातडीचा हुकूम वॉलेन्श्टाइनने धाडला. पापेनहाइम रातोरात निघाला, दुसऱ्या दिवशी दुपारी रणांगणावर पोहोचला आणि पोहोचताच प्राणघातक जखमी झाला. हुकुमाचा कागद त्याच्या अंगावर होता. त्यावरचा रक्ताचा डाग अजून दिसतो. त्याच दिवशी गुस्ताव आडॉल्फही मारला गेला. युद्धाच्या इतिहासात हुकूम, तो पाळणारा आणि त्याचा परिणाम असे तिन्ही एकाच कागदावर सापडणे दुर्मीळ.

तुर्कांशी झालेल्या युद्धांचे दालन सर्वांत रंगीत आहे. तेथे जिंकून आणलेला उस्मानी तंबू आहे, घोड्याच्या शेपटीचे केस बांधलेली निशाणे आहेत, धनुष्ये आणि ढाली आहेत. १६९७ मध्ये झेंटाच्या लढाईत मारल्या गेलेल्या वजीर एल्मास मेहमेद पाशाची मोहोरही तेथे ठेवलेली आहे. ती लढाई जिंकणारा सवॉयचा प्रिन्स ऑयगेन हा या दालनाचा नायक आहे. फ्रान्सच्या राजाने नोकरी नाकारलेला हा किरकोळ अंगाचा तरुण ऑस्ट्रियाकडे आला आणि तिचा सर्वांत मोठा सेनापती झाला. १७१७ मध्ये त्याने बेलग्रेडला वेढा घातला असता एका उखळी तोफेचा गोळा तुर्कांच्या दारूकोठारावर पडला आणि शहराचा बचाव खचला. ती तोफही येथे आहे. संग्रहालयापासून थोड्याच अंतरावर ऑयगेनने स्वतःसाठी बांधलेला बेल्व्हेडियर महाल आहे. १९१४ मध्ये सारायेव्होत ज्याची हत्या झाली तो युवराज फ्रान्झ फर्डिनांड पुढे त्याच महालात राहायला आला. संग्रहालयात ज्या दोघांसमोर लोक सर्वाधिक रेंगाळतात, त्यांचे घर एकच होते.

नेपोलियनच्या काळातल्या वस्तूंत दोन खास आहेत. फ्रेंच क्रांतीच्या फौजेने शत्रूच्या हालचाली वरून टिपण्यासाठी हायड्रोजनचे फुगे वापरायला सुरुवात केली होती. त्यांतला ‘लँट्रेपिद’ नावाने ओळखला जाणारा फुगा १७९६ मध्ये व्युर्त्सबुर्गच्या लढाईत ऑस्ट्रियनांच्या हाती लागला. लष्करी कामासाठी हवेत उडालेल्या साधनांपैकी आज टिकून असलेले ते सर्वांत जुने मानले जाते. दुसरी वस्तू म्हणजे रशियन सेनापती शुवालोव्हचा झगा. १८१४ मध्ये गादी सोडून एल्बा बेटाकडे निघालेल्या नेपोलियनला दक्षिण फ्रान्समध्ये चिडलेल्या लोकांनी वाटेत गाठले, तेव्हा ओळख लपवण्यासाठी त्याने हा झगा अंगावर घेतला होता. युरोपभर धाक बसवणाऱ्या माणसाचे एवढे केविलवाणे वस्त्र त्याच्या शत्रूंनी जपून ठेवावे, हे स्वाभाविकच.

तोफांसाठी मुख्य इमारतीसमोर दोन्ही बाजूंना वेगळ्या इमारती आहेत. तेथील जुन्या काश्याच्या तोफांचा संग्रह जगातील मोठ्या संग्रहांत गणला जातो. तेथेच ‘पुमहार्ट फॉन श्टायर’ ही पंधराव्या शतकाच्या आरंभीची लोखंडी तोफ आहे. ती ओतीव नाही. लांब लोखंडी पट्ट्या गोलाकार जुळवून त्यांवर तापवलेली कडी चढवून ती तयार केली आहे. वजन सुमारे ८ टन, आणि तोंड इतके रुंद की त्यातून सुमारे ६९० किलो वजनाचा दगडी गोळा उडे. पल्ला जेमतेम ६०० मीटर. तिला हलवणे, ठासणे आणि थंड होऊ देणे यांत इतका वेळ जाई की दिवसाकाठी मोजकेच बार निघत.

खालच्या मजल्यावर फ्रान्झ योझेफच्या दीर्घ कारकिर्दीनंतर सारायेव्होचे दालन येते, आणि बहुतेक पर्यटक खरे तर त्यासाठीच आलेले असतात. २८ जून १९१४ रोजी फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी ज्या गाडीत बसले होते ती ग्रेफ उंट श्टिफ्ट कंपनीची १९११ ची उघडी मोटार येथे आहे. ती काउंट फ्रान्झ हाराख याच्या मालकीची होती. सकाळी बाँबचा एक हल्ला चुकला होता. त्यात जखमी झालेल्यांना भेटण्यासाठी युवराजाने ठरलेला रस्ता बदलायचे ठरवले, पण ते चालकापर्यंत पोहोचलेच नाही. चालक जुन्या रस्त्याला वळला, चूक लक्षात आणून दिल्यावर थांबला, आणि नेमका तेथे पिस्तूल घेतलेला कटवाला गाव्रिलो प्रिन्सिप उभा होता. गाडीच्या बाजूला गोळीचे भोक दिसते. शेजारी युवराजाचा निळसर लष्करी कोट आणि ज्या कोचावर त्याने प्राण सोडले तो कोच आहे. हाराखने गाडी बादशहाला दिली आणि बादशहाने ती त्याच वर्षी संग्रहालयाकडे पाठवली.

कटवाल्यांची ब्राउनिंग पिस्तुले मात्र नव्वद वर्षांनी आली. मरणाऱ्या जोडप्यासाठी अखेरची प्रार्थना करणारा जेझुइट पाद्री आंतोन पुंटिगाम याने ती स्मारकासाठी जपून ठेवली होती. ते स्मारक कधी झालेच नाही आणि वस्तू ऑस्ट्रियातील जेझुइटांकडे पडून राहिल्या. २००४ मध्ये त्यांनी त्या संग्रहालयाला सोपवल्या. युवराजाचा रक्ताळलेला सदरा इतका नाजूक झाला आहे की तो क्वचितच बाहेर काढतात. गाडीच्या ‘ए III ११८’ या क्रमांकात ११ नोव्हेंबर १९१८ ही शस्त्रसंधीची तारीख दडली आहे, असे काही जण सांगतात. पण ‘ए’ हे व्हिएन्नाच्या गाड्यांचे अक्षर होते आणि ऑस्ट्रियाने शस्त्रसंधी त्याआधीच, ३ नोव्हेंबरला केली होती.

पहिल्या महायुद्धाचे दालन २८ जून २०१४ रोजी, हत्येच्या शताब्दीदिनी, नव्या मांडणीने उघडले. येथे श्कोडा कारखान्याची ३८ सेंटिमीटर तोंडाची अजस्र हॉवित्झर तोफ आहे आणि आघाडीवर उडालेले आल्बाट्रोस विमान आहे. भिंतीवर आल्बिन एगर-लिएन्ट्स याचे १९१६ मधील ‘निनावी सैनिकांना’ हे चित्र आहे. वाकलेल्या पाठींच्या, चेहरा न दिसणाऱ्या शिपायांची रांग चिखलाच्या रंगाच्या उतारावरून पुढे सरकते आहे. सेनापतींच्या दालनात ५६ नावे आणि येथे एकही नाही. त्या दोन्हींच्या मध्ये एका मजल्याचेही अंतर नाही. एगर-लिएन्ट्स सरकारी युद्धचित्रकारच होता, पण संग्रहालयातली सर्वांत प्रामाणिक कलाकृती निवडायची झाली तर ती हीच ठरेल.

शेजारच्या नौदलाच्या दालनात आज किनाराच नसलेल्या देशाचा समुद्र आहे. ‘विरिबुस युनिटिस’ या युद्धनौकेची सहा मीटर लांबीची, पंचविसाव्या हिश्श्याच्या मापाने बनवलेली आणि पोट उघडे ठेवलेली प्रतिकृती पाहताना जहाज आतून कसे चालते ते कळते. ट्रिएस्टच्या ज्या गोदीने खरे जहाज बांधले त्याच गोदीच्या कारागिरांनी ती घडवली. खरे जहाज १ नोव्हेंबर १९१८ रोजी पुला बंदरात बुडाले. १९१८ च्या जुलैत इटालियन पाणबुडीने बुडवलेल्या ‘यू-२०’ या ऑस्ट्रियन पाणबुडीचा सांगाडा १९६२ मध्ये वर काढण्यात आला. तिचा गंजलेला मनोरा येथे आहे.

साम्राज्य गेल्यावर संग्रहालयाचा निम्मा अर्थच गेला. पहिले महायुद्ध सुरू होताच बंद झालेली दालने १९२१ पासून हळूहळू पुन्हा उघडली. ज्या सैन्याचे ते संग्रहालय होते त्या सैन्याचे माजी अधिकारी आता पेन्शनवर जगत होते. १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळली, तेव्हा संग्रहालय बर्लिनहून चालणाऱ्या लष्करी संग्रहालयांच्या खात्याखाली गेले आणि जिंकून आणलेल्या शस्त्रांची प्रदर्शने तेथे भरू लागली. बाँबहल्ले सुरू झाल्यावर बराच संग्रह सुरक्षित ठिकाणी हलवला गेला. रेल्वे आणि कारखाने शेजारीच असल्यामुळे, म्हणजे १८४९ मध्ये जागा निवडताना जे सोयीचे वाटले त्यामुळेच, १९४४ च्या सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये इमारतीवर बाँब पडून मोठी पडझड झाली. १९४५ च्या एप्रिलमध्ये आर्सेनालच्या आसपास लढाई झाली. त्यानंतर लूट झाली.

१९४६ मध्ये सरकारने दुरुस्ती करायचे ठरवले. दुसऱ्या देशांच्या चार फौजा शहरात तळ देऊन बसलेल्या असताना सैन्याचे संग्रहालय दुरुस्त करणे ही नाजूक गोष्ट होती. म्हणून नाव बदलले: ‘सैन्यसंग्रहालया’चे ‘सैन्येतिहास संग्रहालय’ झाले. १९५५ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष थेओडोर क्योर्नर यांनी ते पुन्हा उघडले. क्योर्नर स्वतः जुन्या शाही फौजेचे अधिकारी, पहिल्या महायुद्धात इसोन्झो नदीच्या आघाडीवरच्या सेनेचे जनरल स्टाफप्रमुख. पुढे समाजवादी झाले. ऑस्ट्रियाचे स्वातंत्र्य मान्य करणारा करार मेमध्येच झाला होता, नव्या सैन्याचा कायदा सप्टेंबरात व्हायचा होता आणि तटस्थतेचा ऑक्टोबरात. म्हणजे देशाला सैन्य मिळण्याआधी सैन्याचा इतिहास मिळाला. सारायेव्होची गाडी दुरुस्त होऊन १९५७ मध्ये परत आली.

१९१८ ते १९४५ या काळासाठी स्वतंत्र दालन व्हायला मात्र १९९८ उजाडले. ‘प्रजासत्ताक आणि हुकूमशाही’ असे त्याचे नाव. १९३४ मध्ये नाझी बंडखोरांनी चॅन्सेलर डॉलफुस यांना गोळ्या घातल्या आणि ते ज्या सोफ्यावर गेले, तो सोफा त्यात आहे. त्याच डॉलफुस यांनी संसद मोडीत काढली होती आणि १९३४ मध्येच कामगारांवर तोफा चालवल्या होत्या, त्यामुळे तो सोफा कोणत्या बाजूने पाहायचा यावर ऑस्ट्रियात आजही एकमत नाही. दालनात वस्तूंची दाटी खूप आणि त्यांवरचे स्पष्टीकरण तुटपुंजे, अशी टीका वर्षानुवर्षे होत राहिली. गणवेश, पदके आणि शस्त्रे नुसती मांडून ठेवली की नाझी काळाची चिकित्सा होत नाही, उलट आकर्षणच वाढते, हा टीकेचा मुख्य रोख. १९४५ नंतरच्या ऑस्ट्रियन सैन्याला तर मुख्य इमारतीत फारशी जागाच नव्हती.

२०१९ मध्ये हा वाद वर्तमानपत्रांत गाजला. संग्रहालयाच्या दुकानातील वस्तू आणि आवारात भरणारा जुन्या लष्करी वाहनांचा मेळावा हेही चर्चेत आले. संरक्षण मंत्रालयाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि विसाव्या शतकाचे दालन मुळापासून नव्याने मांडावे, असा तिचा सूर होता. सरकारी लेखापरीक्षणात संग्रहाच्या नोंदी अपुऱ्या असल्याचेही दिसून आले. २०२३ च्या आरंभापासून नव्या संचालकांकडे या सुधारणेचे काम आले.

ऑस्ट्रियाची इतर मोठी राष्ट्रीय संग्रहालये संस्कृती खात्याच्या कक्षेत येतात. हे एक मात्र संरक्षण मंत्रालयाच्या मालकीचे आहे. सैन्याने स्वतःचा इतिहास स्वतः सांगावा का, हा प्रश्न त्यामुळे वारंवार निघतो. मंत्रालयाकडे असल्याचे फायदेही आहेत: आवारातील रणगाड्यांचे उघडे प्रदर्शन, डॅन्यूब नदीवर गस्त घालणाऱ्या दोन जुन्या बोटी आणि शीतयुद्धाच्या काळातील बुर्गेनलांडमधला उंगरबर्ग येथील बंकर यांची देखभाल लष्कराच्या मदतीशिवाय अवघड झाली असती. पुतळे, भित्तिचित्रे आणि जिना इमारतीचाच भाग असल्याने त्यांना हात लावता येत नाही. तेथे सुधारणा म्हणजे फार तर शेजारी माहितीफलक लावणे. हायनाऊचा पुतळा पाहणाऱ्याला त्याने हंगेरीत काय केले हे कळावे, एवढीच अपेक्षा. खालच्या मजल्यावरची विसाव्या शतकाची दालने मात्र पूर्णपणे बदलता येतात, आणि ऑस्ट्रियातील वाद आता त्याच दालनांभोवती चालतो.